बाबी मावशीच्या नावावरची लाल रेघ

आज रविवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी बाबी मावशीचं नाव लाल पेनाने खोडलं.

मावशी समोरच खुर्चीत बसली होती.

माझ्या मित्राला, पम्याला जाऊन आज वर्ष झालं. डेंग्यू. चार दिवसांत गेला.

ज्यांना आमचा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन बोटं उंचीचे सैनिक, स्वतः रंगवलेले. राक्षस, जादूगार, बुटके योद्धे. लालबागच्या आमच्या कॅरम क्लबमध्ये रविवारी दोन प्लायवूड टाकायचे आणि अंतर मोजायची टेप, फासे घेऊन लढाई करायची.

नियम आमचे आम्हीच केलेले. पहिल्या लढाईत वाचला तरच सैनिकाला नाव मिळतं. मेला की रजिस्टरमध्ये नाव मोठ्याने वाचून लाल रेघ. तो परत येत नाही. ते नावही परत नाही.

रजिस्टर माझ्याकडे. मी बारावी सोडलेला, पण भोईवाड्याला कोर्टाबाहेर टायपिंग करतो. नावात एक काना चुकला तर माणसाचं पेन्शन कसं अडकतं ते रोज बघतो. म्हणून नावांच्या बाबतीत मला चूक चालत नाही.

क्लबमधल्या ग्लेनच्या राक्षसांचा राजा ग्रुमथाक. तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला.

आणि पम्याची फौज?

सेनापती ‘मेन स्विच’. तिरंदाज ‘पाव किलो’ आणि ‘अर्धा किलो’. घोडेस्वार ‘उद्या या’.

आणि सगळ्यात मागे, निळ्या झग्यातली जादूगारीण, ‘बाबि मावशि’. त्याच्या अक्षरात, दोन्ही ऱ्हस्व.

“दीर्घ आहे रे ते.”

“ऱ्हस्वच आहे ती. उंची बघ ना.”

आई गेल्यावर पम्याला नायगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावशीनेच वाढवलं. हे मला माहीत होतं.

तरी मी ते केलं.

दादरला एका हॉलमध्ये याच खेळाची टूर्नामेंट होती. फौजेची यादी टाइप करायचं काम माझं. लोक हसतील, आपल्याला पोरकट समजतील, या भीतीने मी न विचारता सगळी नावं बदलली. भारदस्त, इंग्लिश. मावशीच्या जागी ‘आर्केनिया द पेल’.

जजने यादी मोठ्याने वाचली. पम्या इकडेतिकडे बघत राहिला.

“ही कोण?” त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, “मावशी.”

त्याने एकेक सैनिक शांतपणे डब्यात भरला. जाताना एवढंच बोलला, “जिवंत होती रे ती. तू खोडलीस.”

दोन महिने बोलला नाही. मग एक दिवस कोर्टाबाहेर माझ्या टाइपरायटरपाशी आला, रजिस्टर मागितलं, स्वतःच्या हाताने तिचं नाव पुन्हा गिरवलं. “आता हात लावू नको.”

मी लावला नाही.

हॉस्पिटलमधून त्याचा शेवटचा फोन. आमची खेळातली मोहीम अर्धी राहिली होती.

“माझी फौज तू चालव. मावशीला मागे ठेव. पुढे टाकू नको तिला.”

मी हो म्हटलं.

वर्षभर आम्ही त्या प्लायवूडला हात लावला नाही. ठरलं होतं, वर्षश्राद्धाच्या दिवशी शेवटची लढाई, पम्याची फौज विरुद्ध ग्लेन. मावशीचा स्वतःचाच फोन आला. “सकाळी सगळा आटपतला. दुपारी तुमचो खेळ बघूक येतंय.”

आली. मांडीवर घावण्यांचा डबा.

तुझ्या निळ्या मावशीला मी मागे ठेवली होती, पम्या. पडक्या बुरुजाच्या आड, अगदी कोपऱ्यात. ‘मेन स्विच’ मेला, ‘पाव किलो’ मेला, तरी तिला हलवली नाही.

पण ग्रुमथाक मागूनच आला.

ग्लेनने टेप लावली. अंतर बरोबर पोचत होतं. तो माझ्याकडे बघेना.

“मी दुसरीकडे वळवू का त्याला?”

मला हो म्हणायचं होतं. मी टेप परत एकदा लावून बघितली.

मावशी खुर्चीतून वाकली. “काय झाला? गप कित्याक?”

“मावशी, ही निळी आहे ना, ही तू. पम्याने ठेवलेलं नाव. आणि हा तुझ्यावर धावून येतोय.”

तिने चष्मा पुसला, स्वतःला नीट बघितलं.

“एवढी बारीक मी कधी होतंय?” मग ग्रुमथाककडे बघून, “येवंदे. माका भियाता काय तो?”

फासा तिच्या हातात दिला. चार किंवा वर पडले तर वाचणार.

तिने फासा कपाळाला लावला आणि टाकला.

दोन.

ग्लेन पटकन म्हणाला, “मी बघितलं नाही हां. मावशी, परत टाक.”

“नको. पडला ता पडला.”

“आता काय?” तिने मला विचारलं.

“आता तू गेलीस, मावशी. मी नाव वाचायचं आणि रेघ मारायची.”

रजिस्टर उघडलं. पम्याचं अक्षर. आता हात लावू नको.

पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. परत काढलं. ग्लेन खिडकीकडे तोंड करून उभा.

“मला नाही जमणार. एकदा केलंय मी हे.”

टूर्नामेंटची गोष्ट तिला माहीत होती की नाही, मला माहीत नाही. तिने माझं मनगट धरलं आणि पेन कागदावर आणलं.

“खोड रे झिला. तो थंय एकटोच आसा.”

मी नाव मोठ्याने वाचलं.

एकच रेघ मारली. बारीक. खालचं अक्षर वाचता येतं.

मग तिने डबा उघडला आणि आम्ही तिघांनी घावणे खाल्ले. निळी जादूगारीण तिने रुमालात गुंडाळून घरी नेली.

पम्या, तुझं ऐकून तिला मागेच ठेवली होती. तरी आली तुझ्याकडे. तुझ्या फौजेच्या रांगेत जागा दे तिला.

नाव तू लिहिलंस तसंच आहे. ऱ्हस्व.

निरोप देताना जा म्हणत नाहीत. ये आता, मित्रा.