मॅचच्या धुनेतला ठेका

रविवारी कोरी सोलापुरी चादर उलगडली आणि सुताचा, खळीचा वास नाकात शिरला. त्याबरोबर एक धून डोक्यात वाजू लागली, ती थांबेना. लहानपणी टीव्हीवर क्रिकेटची मॅच सुरू होण्याआधी लागायची ती. मी ती घरभर गुणगुणत फिरलो. "बाबा, यापेक्षा कुकरची शिट्टी सुरात असते," लेक म्हणाली आणि वैतागून तिनेच मोबाइलवर धून शोधून काढली.

सूर तेच होते. पण मधला खटक-खट, खटक-खट ठेका कुठे गेला? मला तर स्वच्छ आठवत होतं: साखर पेठेतली आमची खोली, सतरंजीवर मी, माझ्या शेजारी वडील, म्हणजे आप्पा, त्यांच्या बंडीला चिकटलेला कापूस आणि माझ्या पाठीवर त्यांचा हात. चैन पडेना, म्हणून मैंदर्गीला दिलेल्या माझ्या बहिणीला, अक्काला, फोन लावला आणि धून ठेक्यासकट म्हणून दाखवली.

"येड्या, त्यो ठेका टीव्हीचा न्हाय, आपल्या चादरी इणायच्या मागाचा हाय की," अक्का हसायला लागली. "भिंतीपलीकडं चालू असायचा."

"मग मॅचच्या वेळी आप्पा माग बंद नाही करायचे?"

"आप्पा कदी बसले रे मॅच बघायला? तू एकटाच बसायचास. ते मागावरनं स्कोर इचारायचे, तू वरडून सांगायचास."

धून तर सापडली. पण आठवणीतल्या आप्पांना माझ्या शेजारून उठवून मागावर कसं उभं करायचं, ते अजून जमत नाही.