कच्चा टाका

श्रीवर्धनला झहूरचा बाप होड्यांची शिडं शिवायचा. झहूर कुवेतमधल्या हवल्लीत अरबांचे दिशदाशे, म्हणजे पायघोळ अंगरखे, शिवतो. दुकान केवढं, तर एक मशीन, एक माणूस आणि चहाचे तीन पेले. दुसरा पेला काशिफचा, तिसरा अशरफचा. दोघे एकाच देशाचे. देश अजून घडत होता, म्हणून तो नेमका कुठवर आहे हे दोघांनाही सांगता येत नसे. काशिफ राजधानीचा, अशरफ दक्षिणेच्या डोंगरातला. दुपारी अस्रच्या नमाजानंतर दोघे येत, भांडत, चहा पीत. झहूरची बायकामुलं गावाला. त्याला घर म्हणावं असं इथे हे भांडणच होतं.

मग त्यांच्या लोकांनी शुक्रवारच्या समारंभासाठी झहूरकडे झेंडा शिवायला टाकला. सात प्रांतांचे सात तारे, इथवर एकमत होतं.

"राजधानीचा तारा मधोमध. जरा मोठा," काशिफ म्हणाला.

"सातही गोलात. मध्ये काही नाही," अशरफ म्हणाला.

"काही नाही कसं शिवू?" झहूरने विचारलं.

"सगळे कडेला बसले तर देश कोण हाकणार? तुझ्या शेळ्या?" काशिफ म्हणाला.

"त्या निदान माणसाला संध्याकाळी घरी तरी आणतात," अशरफ म्हणाला आणि त्याने आपला पेला उपडा घातला. "झहूरभाई, मध्ये तारा दिसला तर हा पेला दुसऱ्याला दे."

"नाही दिसला तर माझा," म्हणत काशिफनेही पेला उपडा घातला.

झहूर घाबरला. त्याने सहा तारे कडेने पक्के शिवले. सातवा मधोमध कच्च्या टाक्याने अडकवला. कच्चा टाका म्हणजे कापड जागेवर असतं, पण जागा त्याची झालेली नसते.

"मध्ये आहे," तो काशिफला म्हणाला.

"पक्का नाही," अशरफला म्हणाला.

दोघांनी आपापल्यापुरतं ऐकलं.

शुक्रवारी एसीच्या वाऱ्याने तारा सुटला आणि एका टोकावर लोंबू लागला. राष्ट्रगीत अजून ठरलं नव्हतं, म्हणून सगळे नुसतेच उभे होते. सगळ्यांनी तो नीट पाहिला.

शनिवारी दोघे झेंडा घेऊन आले. एक टोक काशिफच्या हातात, दुसरं अशरफच्या.

"पक्का कर."

"उसवून टाक."

"आधी तुमचं ठरू दे," झहूर म्हणाला आणि त्याने दोन्ही पेले सुलटे केले.

झेंडा अजून खुंटीवर आहे, तारा लोंबतोच आहे. झहूर रोज विचारतो, "काय, ठरलं का?" आणि कुणी काही बोलायच्या आत घाईघाईने चहा ओततो.