चाचांची लीव्हची यादी

आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा बहारीनमध्ये बावीस वर्षं राहिले, पण जगले फक्त लीव्हवर. दर दोन वर्षांनी दोन महिने रत्नागिरी. मधल्या काळातली दुखणीखुपणी, चष्मा, भावकीची भांडणं, सगळं लीव्हवर उरकायच्या यादीत. ही यादी बहारीनच्या झिंज मोहल्ल्यातल्या त्यांच्या खोलीच्या दाराला डकवलेली असे. एकदा दाढ ठणकून गाल टम्म फुगला, तरी चाचा लवंग धरून बसले. म्हणाले, "दाढ गावची, ती गावातच निघंल."

कुवेतची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. क्रेनवर उन्हात जन्म काढलेल्या या गोऱ्यापान माणसाच्या कानावर वाटाण्याएवढी खपली धरली, ती काही बरी होईना. मी ओढतच डॉक्टरांकडे नेलं. तुकडा तपासून आला. डॉक्टर म्हणाले, "त्वचेचा कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. गोठवता येतो, रेडिएशनही देता येतं. पण कापून काढला तर तुकड्याच्या कडा तपासून तो पुरता निघाला का ते कळतं, म्हणून मी कापाच म्हणेन. छोटंसं काम आहे. थांबलात तर मात्र अर्धा कान जाईल, आणि मानेत गाठ आली तर कानावरही भागणार नाही."

चाचांनी खिशातून पेन काढलं. "लीव्हला सात महिने हायत. यादीत लिहून ठेवतो."

पंधरा दिवस मी विनवण्या केल्या, भांडलो, अबोला धरला. खपली वाढतच होती. मी त्यांच्याच कंपनीच्या ऑफिसात होतो. शेवटी साहेबांच्या सहीनिशी सिक लीव्हचा फॉर्म आणला. असा फॉर्म चाचांनी जन्मात पाहिला नव्हता.

"चाचा, लीव्ह मंजूर झाली. चार दिवस."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "लीव्ह हाय म्हणजे जायला पायजे."

दुसऱ्या दिवशी चाचा हॉस्पिटलात आले ते इस्त्रीचा सफारी, अत्तर आणि दोरीनं बांधलेली बॅग घेऊन. मला हसू आवरेना. पण नर्स आत न्यायला आली तरी चाचा बॅगेची दोरी सोडेनात. इतकी वर्षं हा माणूस त्या यादीमागे घाबरून बसला होता, हे मला तेव्हा कळलं.

कापलेल्या तुकड्याच्या कडांचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत चाचांनी यादीत एक अक्षर लिहिलं नाही.

"कडा साफ आहेत," डॉक्टर म्हणाले.

"खलास?"

"खलास. पण दर सहा महिन्यांनी दाखवायचं."

आता चाचा कायमचे रत्नागिरीला गेलेत. परवा त्यांचं पत्र आलं, सोबत नवी यादी: बहारीनला आलो की करायची कामं. पहिलं, डॉक्टरला कान दाखवणे. दुसरं, तुझ्याकडे चहा. आता त्यांना व्हिसा कोण देणार? यादी मी आमच्या दाराला डकवली आणि उत्तर लिहिलं: चाचा, कान तिथंच दाखवा, या आठवड्यात. चहा मात्र यादीत राहू द्या.