मूळ गावाचा रकाना

एमए झाल्यावर वर्षभर मी वरवंडला घरीच होते. मग दौंडच्या कॉलेजातल्या आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी एका पाहणीचं काम दिलं. कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांसाठी एकच प्रश्नावली, निरनिराळ्या देशांत. सर म्हणाले, ‘आता समाजाकडं जगाच्या नजरेनं बघायला शीक.’ मी हवेतच. अम्मीला हे ऐकवलं तर म्हणाली, ‘आधी दुधावर नजर ठेव, उतू चाललंय.’

अब्बा पोस्टातून रिटायर झालेले. अख्ख्या वरवंडचे पत्ते त्यांना तोंडपाठ. तरी एसटीत कुणी नवखा भेटला, की नाव ऐकून विचारणारच, ‘चाचा, मूळचे कुठले?’

‘वरवंडचा.’

‘तसं न्हाई, मूळचे?’

‘मुळं वरवंडातच हायती. उकरून बघा.’

समोरचा हसायचा, अब्बाही हसायचे. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

पाहणीसाठी कारखान्यांलगतच्या कारेगावात पत्र्याच्या खोल्यांच्या एका ओळीत मी शिरले. पहिल्याच घरातल्या बाई बिहारच्या, एका कंपनीत पॅकिंगला होत्या. सेकंड शिफ्टची घाई, तरी त्यांनी चहा टाकला. नवरा ड्युटीवर होता. मला हिंदी येत असूनही त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी हौसेनं माझे प्रश्न आईला हिंदीत समजावायची आणि आईची उत्तरं मला मराठीत सांगायची. बोलणं थेट अब्बांच्या वळणाचं, व्हय-न्हाईसकट.

एका घराचा एकच फॉर्म, त्यात घरातल्या प्रत्येक माणसाची एक ओळ होती. आईबापाच्या ओळी भरून मी तिच्या ओळीवर आले. रकाना होता ‘मूळ गाव’.

‘कारेगाव,’ ती म्हणाली.

‘तसं नाही गं, मूळची कुठली?’

बोलून गेले आणि माझे मलाच ते शब्द ऐकू आले. पोरगी गोंधळली. आईकडं वळून हळूच म्हणाली, ‘मम्मी, अपना गाँव कौन-सा है?’

आईनं नाव सांगितलं. ते मला सांगताना पोरगी दोनदा अडखळली. मला लाज वाटली, कान तापेपर्यंत. तिच्या रकान्यात मी ठसठशीत लिहिलं, कारेगाव.

आठवड्यानं सरांचा फोन आला. ‘एक ओळ चुकलीय. मूळ गाव म्हणजे वडिलांचं गाव, सूचनेत लिहिलंय.’

‘चुकली नाही, सर. ती इथलीच आहे.’

‘मलाही कळतंय गं. पण सगळ्या देशांत रकाना एकच आहे. बदलला तर तुलना कशी करणार? दुरुस्त कर, नाहीतर तो फॉर्म काढावा लागेल.’

‘काढा,’ मी म्हणाले आणि फोन ठेवला. आमच्या रागाला काय, नाकाच्या शेंड्यावरच मुक्काम.

संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात अब्बांना सगळं सांगितलं. आपल्या वतीनं लेकीनं कुणाला तरी सुनावलं म्हणून ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते शेंगा सोलत होते.

मग विचारलं, ‘त्या फारमाचं काय झालं?’

‘बाद केला.’

‘आन् ती पोरगी?’

‘अख्खं घरच गेलं यादीतून.’

अब्बांचा हात थांबला. ‘म्हंजी ती बिहारची बी न्हाई ऱ्हायली आन् कारेगावची बी न्हाई. तुझा राग तेवढा ऱ्हायला.’