डबा भरायचा आहे

चंद्रपूरची थंडी आधी माझ्या नाकाला आठवते. पठाणपुरा गेटच्या आतल्या आमच्या गल्लीत सकाळी प्रत्येक दारापुढे एकेक सिगडी पेटलेली असायची. दगडी कोळसा पेटताना आधी पिवळट धूर ओकतो. म्हणून सिगडी बाहेर ठेवायची, धूर सरला आणि निखारे लाल झाले की उचलून आत न्यायची. तोवर ती सगळ्या गल्लीची. दूधवाला, पेपरवाला, कॉलेजला निघालेल्या आम्ही, कुणीही कुणाच्याही सिगडीवर हात शेकायचे. गल्लीच्या टोकाला गोंड राजांचा परकोट होता. त्याच्या दगडांतून पिंपळ उगवलेले, आणि त्याच्या आडोशामुळे ऊन आमच्याकडे उशिरा यायचं. माझा विषय इतिहास होता, तरी डिसेंबरात मी त्या भिंतीला रोज शिव्या द्यायची.

ही नव्वदीच्या शेवटची गोष्ट. मी नागभीडकडची. घरी धानाची शेती आणि गावच्या तलावात शिंगाडे. विद्यापीठ नागपुरात, पण कॉलेज इथे चंद्रपुरात, आमच्या भाषेत चांद्याला, म्हणून आम्ही खेड्यापाड्यांतल्या पोरी इथे खोल्या करून राहायचो. माझ्या खोलीत माझ्यासोबत धानोऱ्याच्याही पुढच्या जंगलातली एक मुलगी होती. दोघीही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. घरमालकीण आम्हाला नावानं कधी हाक मारत नसत. मी ‘नागभीडवाली’, ती ‘धानोरावाली’. आम्हीही एकमेकींना तसंच म्हणायला लागलो होतो.

घरमालकीण म्हणजे सिस्टरबाई. दवाखान्यात नर्स होत्या, एकट्याच राहायच्या, आणि त्यांचं खरं भांडण थर्मलशी, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्राशी होतं. पांढऱ्याशुभ्र साड्या तारेवर घालाव्यात आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर काळे ठिपके पडावेत, असं वर्षानुवर्षं चाललेलं. साडी झटकताना त्या चिमणीकडे बघून जे काही बोलायच्या ते ख्रिस्ती माणसाला शोभणारं नव्हतं. एरवी बोलणं मोजकं. आम्ही त्यांना वचकून असायचो, आणि त्यांच्या हातच्या नाताळच्या फराळासाठी वर्षभर झुरायचो. म्हणजे मी झुरायची. धानोरावालीचं खाण्यावर माझ्याइतकं प्रेम नव्हतं.

थंडीचा बंदोबस्त आम्ही असा केला होता. माझ्याकडे एक सोलापुरी चादर होती आणि तिच्याकडे आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. एकेकट्या दोन्ही निकामी. म्हणून दोन गाद्या जोडून, खाली चादर, वर वाकळ, असं आम्ही एकत्र झोपायचो. ती झोपेत वाकळ ओढायची आणि सकाळी कबूल करायची नाही.

शनिवारी तिच्या घरून डबा यायचा. धानोऱ्याच्या गाडीत तिची आई कंडक्टरच्या हाती द्यायची आणि दुपारी आम्ही इकडे बस स्टँडवर तो उतरवून घ्यायचो. पितळेचा, कडीचा, चांगला मोठा डबा. त्यात तांदळाच्या भाकरी, लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी, कधी आवळ्याचं लोणचं. तिच्या आईनं मला कधी पाहिलं नव्हतं, पण डबा नेहमी दोघींना पुरेल असाच असायचा. रविवारच्या परतीच्या गाडीत तो आम्ही परत द्यायचो. रिकामा डबा परत करायचा नाही, ही रीत. म्हणून त्यात मूठभर फुटाणे, चार बोरं, काही नाही तर साखरेची चिमूट तरी टाकायची.

डिसेंबर अर्धा सरला होता. त्या शनिवारी कंडक्टरनं डबा दिला आणि सोबत निरोपही दिला.

“तुह्या बाबानं सांगतलं, सुट्टीत येताना सगळं सामान घेऊन येजो.”

धानोरावालीनं नुसती मान हलवली. मी मात्र तिथेच उभी राहिले. नाताळच्या सुट्टीत सगळं सामान घेऊन ये, याचा अर्थ आमच्या भागात न सांगता कळतो. धान कापून झाले, चुरून झाले, घरात चार पोती आली की पाहुणे येतात. आणि सामानासकट गेलेली मुलगी जानेवारीत परत येत नाही. आदल्या वर्षी आमच्या वर्गातल्या दोघींच्या जागा अशाच रिकाम्या झाल्या होत्या.

मी वाटेत काही विचारलं नाही, हे मला सोपं गेलं नाही. ती बोलली ते दोन दिवसांनी, भट्टीवर. नाताळ जवळ आला की सिस्टरबाई रवा, साखर, डालडा मळून आम्हाला बेकरीच्या भट्टीवर धाडायच्या, नानकटाई भाजून आणायला. जटपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या भट्टीसमोर बायकांची ही मोठी रांग. आपापले नानकटाईचे पत्रे घेऊन सगळ्या बसलेल्या, आणि कुणालाच नंबर लवकर लागायला नको असायचा, कारण गावात इतकी ऊब दुसरीकडे कुठेच नव्हती. बाहेर तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागली होती. गाडीवर उकडलेले काळे शिंगाडे विकायला होते. मी ते घेतले नाहीत, घरचे शिंगाडे खाऊन वाढलेल्या माणसाला विकतचे शिंगाडे घशाखाली उतरत नाहीत.

“आत्याचा पोरगा आहे,” ती भट्टीकडे बघत म्हणाली. “बाबानं आत्याले शब्द देऊन ठेवला. मी सातवीत होती तवाच.”

“मग तू नाई म्हण.”

“नाई काऊन म्हणू? पोरगा चांगला आहे. मले लग्नाले ना नाई.” मग पत्रा पुढे सरकवत, “मले पेपर द्याचे आहेत. तीन वर्षं झाली. आता मार्चसाठी सोडून देऊ?”

“हेच सांग ना बाबाले.”

“सांगतलं दिवाळीत. बाबा म्हणे, शब्द म्हणजे शब्द.”

बाप वाईट माणूस नव्हता. हिला तीन वर्षं चांद्याला ठेवणारा त्यांच्या गावातला तो पहिलाच. पण रीतीभातीला इतका पक्का की एकदा मान डोलावली की विषय संपला. मला त्याचा संताप आला होता. तिला आला नव्हता, आणि त्यामुळे मला तिचाही आला. एवढ्यात आमचा नंबर लागला आणि मी रागारागात दोन गरम नानकटाया तिथेच खाल्ल्या.

सिस्टरबाईंना मीच सांगितलं. त्या बांबूच्या कामट्या आणि लाल कागदाचे ताव घेऊन नाताळची चांदणी बांधायला बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला डिंक आणायला पाठवलं. बस, एवढंच. माझा अगदी पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यासारखा अनुभव. पुढे ती चांदणी धानोरावालीनंच पूर्ण केली. तिचे हात बांबूला सरावलेले होते. दारावर लावल्यावर तिनं एकदा लांब जाऊन ती पाहून घेतली.

जायच्या दिवशी तिनं पेटी भरली, वाकळीची वळकटी बांधली. पुस्तकं मात्र माझ्या फळीवर ठेवली.

“तूच वापर. मले आता काय करायची?”

मला रडू येत होतं म्हणून मी तिला म्हटलं, तुझ्या नोट्स कोण वाचणार, अक्षर बघ आधी. ती हसली. तेवढ्यात सिस्टरबाई आल्या, तिच्या पिशवीत हात घातला आणि पितळेचा डबा काढून घेतला.

“हा राहू दे. नाताळचं झालं नाई अजून. भरून पाठवतो.”

“बाई, कशाले? घरी लागते तो.”

“लागू दे,” म्हणत बाई डबा घेऊन आत गेल्या.

मी दरवर्षीप्रमाणे नाताळ होईपर्यंत चांद्यालाच थांबले. थांबण्याचं कारण उघड होतं. पण त्या वर्षी करंज्या मला गोड लागल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गावी निघाले तेव्हा सिस्टरबाईंनी डबा माझ्या हाती दिला. इतका गच्च भरलेला की कडी लागत नव्हती, वरून फडकं बांधलेलं. करंज्या, अनारसे, शंकरपाळे आणि नानकटाई.

“धानोऱ्याच्या गाडीत दे. तिच्या मायले.”

“निरोप काय सांगू?”

“काही नाई. सिस्टरबाईनं पाठवला म्हण.”

मला वाटलं होतं, त्या निदान चार शब्द तरी खडसावून पाठवतील. नर्स बाई, पगारदार, डॉक्टरांनाही न घाबरणारी. आणि पाठवलं काय, तर शंकरपाळे. मी कंडक्टरला डबा दिला आणि मनातल्या मनात दोघींवर, तिसऱ्या त्या बापावरही, फणकारत नागभीडच्या गाडीत बसले.

जानेवारीत कॉलेज सुरू झालं. खोलीत एकच गादी. सोलापुरी चादर डोक्यावर घेतली तर पाय उघडे आणि पाय झाकले तर डोकं. फळीवर तिची पुस्तकं तशीच होती. मी त्यांना हात लावला नव्हता. सकाळी सिगडीवर हात शेकताना कुणी ना कुणी विचारायचं, तुझी जोडीदारीण कुठी गेली? मी म्हणायची, येते. सिस्टरबाईही म्हणायच्या, येते. चांदणी त्यांनी अजून उतरवली नव्हती.

शनिवारी पाय आपोआप स्टँडकडे वळले. गाडी आली. कंडक्टर हात हलवत उतरला. “डबा नाई आला.” डबा येणार कसा, जिच्यासाठी यायचा ती तिकडेच, हे मला कळत होतं. तरी मी त्या बिचाऱ्यावर उगीच खेकसले.

पुढच्या शनिवारी मी ठरवलं होतं, जायचं नाही. गेले. कंडक्टर मला बघून आधीच हसायला लागला.

“डबा नाई आज. डबेवालीच आली.”

त्याच्या मागून धानोरावाली उतरली. खांद्याला एक झोळी आणि दोन्ही हातांत तो पितळेचा डबा. पेटी नाही, वाकळ नाही. मी तिला मिठी मारायला गेले तर ती म्हणाली, “डबा सांभाळ, लोणचं आहे.”

घरी येईपर्यंत तिनं सगळं सांगितलं. बाईंचा भरलेला डबा घरी गेला तेव्हा बापानं तो ओसरीवर उघडून पाहिला आणि म्हणाला, भल्या बाई आहेत, उद्याच्या गाडीत परत डबा पाठवून दे. आई म्हणाली, आपला डबा कंडक्टरच्या हातानं जाते तो घरचा म्हणून. परक्या घरून भरून आलेला डबा कोणी मोटरीवाल्याच्या हातानं परत करते का? त्या बाईनं तीन वर्षं पोरीले ठेवलं. लोक काय म्हणतीन? पाहुणे येऊन गेले का पोरगी स्वतः जाईन, पाया पडन, डबा देऊन येईन. रीतीचं कलम निघालं, तिथे बापाचं काही चालेना. शब्द म्हणजे शब्द, तशी रीत म्हणजे रीत.

“बाबानं म्हटलं, डबा देऊन उद्याच ये,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. “म्हणून सामान आणता नाई आलं.”

सिस्टरबाई दारातच होत्या. तिनं वाकून नमस्कार केला, डबा हातात दिला. बाईंनी तो उघडला, एक वडा खाऊन पाहिला, मग एकेक जिन्नस आपल्या भांड्यांत काढून घेतला. डबा राखेनं घासला, धुतला आणि मांडणीवर पालथा घातला.

“परत कधी जातेस?”

“उद्या जा लागते, बाई.”

“उद्या? रिकामा डबा घेऊन?” बाईंनी हात पुसले. “माह्यं घर तसं नाई. मी भरून देईन तवा जाजो. अन् मले सध्या भराले टाइम नाई. ड्युटी आहे.”

“मग कधी भरान?”

“पाहू. मार्चचे पेपर झाले का पाहू.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या दोन बायका एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. एक धानोऱ्याच्या जंगलात आवळे वेचणारी, एक दवाखान्यात इंजेक्शनं देणारी. एकीनं डबा भरून ढकलला, दुसरीनं तो पोरीच्या हातात देऊन परत ढकलला. मी इतिहासाची विद्यार्थिनी मध्ये उभी राहून नुसती शंकरपाळ्यांवर चिडत होते. धानोरावाली फळीकडे गेली, आपली पुस्तकं आपल्या बाजूला लावायला लागली, आणि मग तोंडावर पदर घेऊन रडली. मीही रडले. बाई म्हणाल्या, चहा ठेवा आधी.

पुढे बापाचा निरोप कंडक्टरमार्फत यायचा, पोरगी कधी येते? बाईंचं उत्तर त्याच गाडीनं परत, डबा भरायचा आहे. कंडक्टरला त्यात मजा वाटायला लागली होती. आम्हाला मात्र धाकधूक. एका चादरीत दोघी कुडकुडत वाचायचो आणि दर शनिवारी वाटायचं, आज बाप स्वतःच येतो.

आणि तो आला. जानेवारी संपत आला होता, थंडीनं पुन्हा उचल खाल्ली होती. सकाळी आम्ही सिगडीपाशी बसलो होतो, तर धुरातून एक उंच माणूस चालत आला, डोक्याला गमछा, खांद्यावर वळकटी. धानोरावाली उभी राहिली. तिनं हातातला कप खाली ठेवला. मीही उभी राहिले, भांडायच्याच तयारीनं.

त्यानं सिस्टरबाईंना रामराम केला. बाईंनी बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही. उघड्या दारातून त्याची नजर आत मांडणीवर गेली, जिथे पितळेचा डबा पालथा होता.

“भरला का डबा, बाई?”

“नाई भरला अजून,” सिस्टरबाई म्हणाल्या.

त्यानं मान डोलावली. मग खांद्यावरची वळकटी उतरवून त्यानं मुलीच्या हातात दिली. ती तिची वाकळ होती.

“असू द्या. घाई नाई,” तो म्हणाला. “थंडी लय आहे. पोरगी वाकळीबिना झोपत असन म्हणून आलो.”

मग तो सिगडीपाशी उकिडवा बसला आणि हात शेकायला लागला. बाईंनी तो डबा शेवटच्या पेपरच्या दिवशी भरला.