मिलिंदच्या दोह्यात आमची स्प्रिंग

दोह्याच्या विमानतळावर माझी बॅग स्कॅनरमधून बाहेर आली आणि तिथल्या अधिकाऱ्याने ती बाजूला ओढली. आत टॉवेलात गुंडाळलेल्या मुठीएवढ्या काही स्प्रिंगा होत्या. त्यातली एक त्याने दोन्ही तळव्यांत धरून दाबली. ती जराही दबेना. त्याने शेजारच्याला दिली, त्यालाही जमेना. "गॅस प्लांटच्या व्हॉल्व्हमधली आहे, टेस्टिंगला आणलीय," मी हिंदीत सांगितलं. "खलास, जाओ," तो हसत म्हणाला (खलास म्हणजे झालं, संपलं). नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

मग बाहेर आलो आणि मिलिंदची गाडी पाहिली.

मिलिंद आणि मी सातपूरच्या एका स्प्रिंग कारखान्यात बरोबरच नोकरीला लागलो. तो काही वर्षांनी कतारला निघून गेला, मी तिथंच राहिलो. आता कुठल्या व्हॉल्व्हला कुठला धातू चालेल हे ठरवणाऱ्या इथल्या एका प्रयोगशाळेचा तो प्रमुख आहे, आणि मी आमची स्प्रिंग पास करून घ्यायला त्याच्या दारात. आमच्या शेठनी निघताना स्वच्छ सांगितलं होतं, "सुधीर, ही पास झाली तर नवी भट्टी घेऊ. नाही झाली तर निकेलचं काम बंद." निकेलचं काम म्हणजे माझा विभाग. तो बंद म्हणजे मीही घरी आणि माझ्या हाताखालची माणसंही.

"सुध्या, घरीच राहा. वरची खोली रिकामीच असते," मिलिंद म्हणाला. वरची खोली! अल अझीझियात ह्याचा व्हिला, त्याला वरचा मजला, आणि तिथली खोली म्हणे रिकामी असते. तपासणारा तूच, मग तुझ्याकडे राहणं बरं दिसत नाही, असं सांगून मी नजमात उतरलो. कारण खोटं नव्हतं, पण खरं सांगायचं तर मला तो व्हिला बघवणार नव्हता.

नजमा ही जुनी, दाटीवाटीची वस्ती. एकेका खोलीत चार-सहा जण, खाली दुकानं, आणि कोपऱ्यावर कॅफेटेरिया. सकाळी तिथं करक (उकळून दाट केलेला दुधाचा चहा) आणि पराठ्यात गुंडाळलेलं अंडं खाल्लं. माझं घरच्यांशी फोनवरचं मराठी ऐकून शेजारचे गृहस्थ सरकून बसले. इक्बालभाई, मूळचे दापोलीचे, इथं एका ऑफिसात क्लार्क.

"कोणाकडे आलात?"

"मित्र आहे. अझीझियाला असतो, व्हिलात."

"मग इथं कशाला झोपताय?"

मी पराठ्याचा मोठा घास घेतला. "रुसलात वाटतं त्याच्यावर," असं म्हणून ते चहाकडे वळले. माणूस चांगला होता, पण त्या दिवसापुरता मला आवडला नाही.

प्रयोगशाळा शहराबाहेरच्या औद्योगिक भागात आहे. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे गोदामं आणि पांढरं ऊन. आत मात्र गारठा. आमच्याकडे धातूचा कडकपणा मोजायचं एकच यंत्र, तेही अधूनमधून रुसतं. इथं तीन. सूक्ष्मदर्शकाखाली काही बघायचं तर आम्ही नमुना पुण्याला पाठवतो आणि वाट बघत बसतो. मिलिंद खुर्ची मागे ढकलतो आणि बघतो. मी कौतुक करत फिरलो. प्रत्येक यंत्राची किंमत मनात मांडत होतो.

इथल्या गॅसमध्ये गंधकाचा विषारी वायू मिसळलेला असतो. तो पोलादाला आतून ठिसूळ करतो. व्हॉल्व्हमध्ये वर्षानुवर्षं दाबून बसवलेली स्प्रिंग एक दिवस टक्कन तुटते. म्हणून निकेलचा मिश्रधातू लागतो. त्याची स्प्रिंग दाबून, तापवून, त्याच वायूत महिनाभर ठेवतात. तडा गेला नाही तर पास.

मी स्प्रिंगा टेबलावर मांडल्या. आरशासारख्या चमकत होत्या. मिलिंदने एक उजेडात फिरवली.

"एवढ्या चकाचक कोणी केल्या?"

"शेठनी. भट्टीतून काढल्यावर अ‍ॅसिडमध्ये बुडवून घेतल्या. परदेशी जाणारा माल, दिसायला नको?" मी ऐटीत सांगितलं.

एक स्प्रिंग कापून, घासून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला पडदा दाखवला. धातूच्या कणांच्या कडेकडेने बारीक खाचा पडल्या होत्या. "अ‍ॅसिडने खाल्लंय, सुध्या. तडा इथूनच सुरू होणार."

माझं डोकंच फिरलं. जुन्या कारखान्याचं बरं झालेलं ह्याला बघवत नाही, असंच मनात आलं. "तुला पास करायचीच नाहीये," मी म्हणून टाकलं.

त्याने आवाज चढवला नाही. "साक्षी आणलीस का?"

साक्षी ही आमच्या पाठककाकांची शिस्त. ते आम्हा दोघांचे पहिले फोरमन, आता निवृत्त. भट्टीतून माल निघाला की एक नग जसाच्या तसा बाजूला काढायचा. घासायचा नाही, धुवायचा नाही, तारेने नंबर बांधून ठेवायचा. पुढे तक्रार आली तर तो साक्ष देतो. ह्या लॉटची साक्षी सवयीने माझ्या बॅगेत आली होती. काळपट, जळक्या रंगाची. परक्या लोकांसमोर काढायची लाज वाटली होती. ती मी आता काढली. मिलिंदने तळहातावर घेतली आणि बराच वेळ तारेची गाठ बघत राहिला. मग एक चकचकीत आणि ही काळी, दोन्ही चाचणीला लावल्या.

शुक्रवारी त्याने मला सहकुटुंब समैस्माच्या किनाऱ्यावर नेलं. उथळ, शांत समुद्र. अनघावहिनींनी कोथिंबीर वडी आणली होती. त्यांची मुलगी आमचं सगळं मराठी समजून उत्तरं इंग्रजीत देत होती. मिलिंदला प्रयोगशाळेतून फोन आला. "चकचकीत तुटली," त्याने सांगितलं.

"आणि काळी?"

"आहे अजून. इन्शाल्ला राहील." त्याने माझ्या ताटलीत आणखी वडी वाढली.

महिना पुरा व्हायच्या आत मी परतलो. घरी-दारी सगळे विचारत, काय काय पाहिलं. मी समुद्राचं, रस्त्यांचं सांगायचो आणि लक्ष फोनकडे ठेवायचो.

एके दुपारी पाठककाका स्वतःच कारखान्यात आले, हातात पेढ्यांचा पुडा. "पास झाली रे काळी. मिलिंदचा फोन आला होता. बोलता बोलता रडला."

फोन आधी काकांना. माझी स्प्रिंग, माझा विभाग, आणि मला बातमी दुसऱ्याच्या तोंडून! मी पेढा हातात धरून उभा असताना माझा फोन वाजला. "सुध्या, आपली पास झाली," मिलिंद म्हणाला. मग बोलतच सुटला. "एकही तडा नाही, फक्त ते अ‍ॅसिड बंद करा, मी आज ऑफिसात सगळ्यांना तुझं नाव सांगितलं." मी हं, हं म्हणत होतो. शेवटी त्यानेच विचारलं, "तुला आनंद झाला ना?"

झाला होता. त्याच्याएवढा नाही. त्याची गाडी, व्हिला, ती तीन यंत्रं, ह्यांचा हेवा विमानात बसेपर्यंत बराचसा ओसरला होता. पण त्याला दोह्याला नोकरी लागली तेव्हा मी पेढा खाल्ला होता आणि घरी येऊन जेवलो नव्हतो. माझ्या स्प्रिंगसाठी तो रडतो. हे त्याला कसं जमतं, ह्याचा मात्र मला आजही हेवा वाटतो.