गुगलला आमचं ग्रंथालय दिसेना

ग्रंथालयात मोठ्यानं बोलायचं नाही. मग पोटात किस्से साठणार नाहीत तर काय!

मी चौथी पास. अंबरनाथच्या एका कॉलेजात पुस्तकांवरची धूळ झटकते. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी मुलांचे सगळे प्रबंध स्कॅन करून वेबसाइटवर चढवले. चढवले म्हणजे कुठे, देव जाणे. कपाटं तर अजून तशीच भरलेली.

प्रिन्सिपल म्हणाले, "गुगलवर सापडतच नाहीत. दिवाळीपर्यंत बाहेरच्या एका तरी माणसाला सापडू दे, नाहीतर हे बंद."

मॅडम जेवेनात.

* * *

एका सकाळी मॅडम ओरडल्या, "सुमनताई, आपला प्रबंध पहिल्या नंबरवर!" मी पेढे आणले.

कॉम्प्युटरवाला विनोद पेढा खाऊन म्हणाला, "मॅडम, तुम्हीच रोज शोधता, म्हणून तुम्हालाच वर दिसतो."

मी म्हटलं, "म्हणजे आरशात बघून पाहुणे आले म्हणायचं?"

* * *

मग कळलं, प्रबंधाचं नुसतं नाव दिसतं, आतल्या पानांना मॅडमनी पासवर्ड लावलाय. कपाटाला कुलूप घालायची सवय, दुसरं काय.

"अहो, गुगलपण बाहेरच उभाय," विनोद म्हणाला.

"ओळखपत्राशिवाय मी कुणालाच आत घेत नाही," मॅडम म्हणाल्या.

दोन दिवस समजूत काढली, तेव्हा कुलूप निघालं.

* * *

तरी कुणी येईना. विनोद म्हणाला, नावं फार जड आहेत, खाली साधं काहीतरी लिहा. एक प्रबंध होता 'वस्त्रोद्योगातील असंघटित स्त्री-श्रमिक'. मॅडमनी मला विचारलं, कारण मी आधी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात सुटे धागे कापायला होते.

"धागा कटिंगवाल्या बायका म्हणा की," मी म्हटलं.

मॅडमनी तसंच लिहिलं. खाली ग्रंथालयाचा फोन नंबरही टाकला.

"नंबर कशाला?"

"कुणाला अभ्यासासाठी लागला तर?"

* * *

दिवाळी तोंडावर आली आणि फोन वाजला. मी उचलला.

"मॅडम, उल्हासनगर से बोल रहा हूँ. गुगल पे देखा. तुमच्याकडे धागा कटिंगच्या लेडीज आहेत ना? सीझन का माल अटका है, आज ही भेज दो."

"ओ शेठ, हे कॉलेज आहे, मजुरांचा नाका नाही!" मी आणखी चार शब्द ऐकवणार, तेवढ्यात मॅडमनी फोन हिसकावला. डोळ्यांत पाणी.

"शेठ, तुम्ही बाहेरचेच ना? फोन ठेवू नका हं. आमच्या प्रिन्सिपलशी दोन मिनिटं बोला."